आचार्य विनोबा भावे : श्रद्धेच्या दिव्याने जग पाहणारा लेखक

मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गावाला आनंद होतो, आणि तो होणे स्वाभाविकच आहे. गळके छप्पर नवे होते, खचलेला चौथरा बांधून निघतो, कळसावर ऊन चमकू लागते. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी दगड-माती वाहिली, ज्यांनी नुसते येऊन चार शब्द धीराचे दिले, त्या सर्वांना आपल्या हातून सत्कार्य घडल्याचे समाधान लाभते. परंतु मंदिर उभे राहिल्यावर खरे काम सुरू होते. गाभाऱ्यातील देवासमोर हात जोडून मागे वळलेला माणूस दाराबाहेरच्या जगाकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावर मंदिराचे मंदिरपण अवलंबून असते. महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेले आचार्य विनोबा भावे यांनी आयुष्यभर हीच नजर जपली. भूदानासाठी देशभर पायी फिरलेले संत म्हणून त्यांना सारे ओळखतात. परंतु ते मराठीतील एक थोर निबंधलेखकही होते, आणि आपल्या धर्मश्रद्धेच्या उजेडात शेती, शिक्षण, श्रम, संपत्ती, इतर धर्म, किंबहुना अवघे जग त्यांनी आपल्या लेखणीने तपासून पाहिले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात दिले आहे.

बालपण आणि मातेचे संस्कार

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. तेव्हाचा तो कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. ते शास्त्रीय वृत्तीचे, हिशेबी व शिस्तीचे गृहस्थ होते. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, परंतु तिची भक्ती मोठी होती. घरात कामाचा कितीही रगाडा असो, दिवसातून एकदा देवापुढे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती प्रार्थना करी. विनोबांना विद्या अनेक ठिकाणी मिळाली, पण भक्ती मात्र आईकडूनच मिळाली.

या माउलीने एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज ती एकेक दाणा मोजून बाजूला ठेवी. ते पाहून वडिलांनी सोपी युक्ती सांगितली. एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा वर घालावेत. हिशेबाने यात काहीच चूक नव्हती, त्यामुळे आईला उत्तर सुचेना. सायंकाळी तिने हा प्रश्न विनायकाला विचारला. मुलगा गणितात अत्यंत हुशार, गणित हा त्याचा आवडीचा विषय. तरीही त्याने आईचाच पक्ष घेतला. एकेक दाण्याबरोबर देवाचे नाव येते, मन तेथे गुंतून राहते, म्हणून हे मोजणे म्हणजे गणित नव्हे, ती भक्ती आहे, असे त्याने सांगितले. आईला समाधान वाटले. बुद्धी कोठे चालवावी आणि श्रद्धेला कोठे मान द्यावा, हा विवेक त्या मुलाला तेव्हापासूनच होता. पुढे त्यांच्या सर्व लेखनात या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चाललेल्या दिसतात.

गृहत्याग आणि गांधीजींची भेट

बडोद्यास शिक्षण चालू असताना विनोबांचे मन परीक्षेत रमेना. पदवी घेऊन नोकरी धरावी हा मार्ग त्यांना आपला वाटत नव्हता. एके दिवशी आई स्वयंपाक करीत असता त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. आईने विचारले तेव्हा, आता यांची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. गरज नसली तरी राहिली असती तर काय बिघडले असते, असे तिला वाटले. परंतु मागे परतण्याचा रस्ताच उरू नये असा विनोबांचा निश्चय होता. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईस निघाले, पण वाटेत सुरतेस गाडी बदलून थेट काशीला गेले. ब्रह्माचा शोध घ्यावा आणि संस्कृत विद्या मिळवावी ही त्यांची तळमळ होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले होते आणि त्याची चर्चा अजून चालू होती. ते वाचून विनोबांनी गांधीजींना पत्रे लिहिली, आणि बोलावणे येताच ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना जाऊन भेटले. हिमालयात जाऊन साधना करावी की देशासाठी झुंजावे, असे दोन विचार त्यांच्या मनात होते. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात, असे त्यांना आश्रमात आढळले. भाजी चिरणे, पाखाने साफ करणे, सूत कातणे यांत ते रमले.

पुढच्या वर्षी एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला आले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांचा अभ्यास केला. तरुणांना गीता शिकवली, दळण दळून मिळालेल्या पैशांतून वाचनालयासाठी पुस्तके घेतली. वर्ष पूर्ण झाले त्याच तारखेला ते आश्रमात परत हजर झाले. दिलेली वेळ पाळणे हाही त्यांच्या लेखी धर्मच होता. एप्रिल १९२१ मध्ये गांधीजींच्या आज्ञेने ते वर्ध्यास आले आणि पुढे वर्धा हेच त्यांचे ठाणे झाले.

लेखणीची सेवा

जानेवारी १९२३ मध्ये वर्ध्याहून त्यांनी ‘महाराष्ट्र-धर्म’ हे मासिक सुरू केले. प्रारंभी त्यात उपनिषदांवरील लेख आले. पुढे तेच साप्ताहिक झाले आणि त्यातील छोटे छोटे निबंध घरोघर वाचले जाऊ लागले. त्यांतील निवडक लेख ‘मधुकर’ या पुस्तकात एकत्र झाले आहेत. मधमाशी जशी नाना फुलांवर बसून मध गोळा करते, तसे हे पुस्तक आहे. त्यात वेद आहेत, ज्ञानोबा-तुकोबा आहेत, तुलसीदास आहेत, त्याचप्रमाणे खेड्यातील अस्वच्छता, अस्पृश्यता, चरखा आणि शाळा हेही विषय आहेत. विनोबांच्या लेखी यांत परके कोणीच नव्हते. ज्या भक्तीने ते उपनिषदावर लिहीत, त्याच भक्तीने खताच्या खड्ड्याविषयी बोलत.

त्यांच्या शिक्षणविषयक निबंधात एक विचार मोठ्या ठसठशीतपणे आला आहे. आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षे नुसते शिकायचे आणि मग एकदम संसारात उडी घ्यायची, ही पद्धत त्यांना उलटी वाटे. भगवंतांनी अर्जुनाला गीता कोणत्याही वर्गात बसवून सांगितली नाही, ती कुरुक्षेत्रावर, प्रश्न समोर उभा राहिला तेव्हा सांगितली. म्हणून जगणे आणि शिकणे एकत्र चालले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. धर्मग्रंथातील एका प्रसंगाकडे पाहता पाहता ते आजच्या शाळेकडे वळतात आणि वाचणाऱ्याला विचार करायला लावतात, ही त्यांच्या निबंधाची रीत आहे.

‘त्याग आणि दान’ हा त्यांचा निबंध तर देणगीदारांनी आवर्जून वाचावा असा आहे. त्यात दोन माणसे आहेत. दोघेही प्रामाणिकपणे पैसा मिळवणारे. पहिला संसार सांभाळून, पुण्याच्या इच्छेने, थोडा दानधर्म करीत राहतो. दुसऱ्याने एकदा बागेसाठी विहीर खोदवली. विहीर खोल खोल जाऊ लागली, तसा काठावर माती-दगडांचा ढीग उंच उंच होऊ लागला. तो ढीग पाहून त्याच्या मनात आले की, आपल्या तिजोरीतही असाच ढीग साचला आहे, तेव्हा त्यापायी कोठेतरी कोणाच्या तरी दारी खड्डा पडला असेल. या विचाराने त्याची झोप उडाली आणि त्याने संचयच सोडून दिला. दान रोगावर वरवर औषध लावते, त्याग रोगाच्या मुळावर घाव घालतो, असा या निबंधाचा आशय आहे. विहीर तर प्रत्येक गावात खणली जाते, काठचा ढीगही सर्वांनीच पाहिलेला असतो, परंतु त्या ढिगात समाजाचे चित्र विनोबांना दिसले. विनोबांची भाषा साधी, वाक्ये लहान, दाखले शेतातले आणि स्वयंपाकघरातले. पांडित्य एवढे मोठे असूनही ते वाचणाऱ्याच्या डोक्यावर बसत नाही.

गीताई व गीता-प्रवचने

आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत तिला कळत नव्हते आणि मराठीत मिळालेली भाषांतरे तिला कठीण गेली. तेव्हा तूच का करीत नाहीस, असे ती मुलाला म्हणाली होती. पुढे १९१८ च्या साथीत ती माउली गेली. तिचा शब्द विनोबांच्या मनात बारा वर्षे राहिला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचे मराठी समश्लोकी रूपांतर लिहावयास घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण केले. त्याचे नाव ‘गीताई’. १९३२ साली ते छापून निघाले आणि महाराष्ट्रातील हजारो घरांत, शाळांत ते पाठ होऊ लागले. अक्षरओळख जेमतेम असलेल्या बायाबापड्यांनाही गीता तोंडपाठ झाली, ही केवढी मोठी देणगी!

१९३२ सालीच विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. बरोबरच्या सत्याग्रही बंद्यांच्या आग्रहावरून २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली. ती ऐकत ऐकत उतरून घेणारा लेखनिक म्हणजे साने गुरुजी! अशा रीतीने ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याची देशातील बहुतेक भाषांत भाषांतरे झाली. तुरुंगाच्या भिंतीआड बसून शेतकऱ्याचा नांगर, कुंभाराची माती, आईचे वात्सल्य, मरणाची भीती या साऱ्यांकडे गीतेच्या दृष्टीने कसे पाहावे, हे त्यांनी सांगितले.

याच प्रवचनांत त्यांनी राम व भरत यांच्या भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी राहावयास आले. तेथे जमीन खोदत असताना भरत-राम भेटीचे शिल्प असलेला एक प्राचीन दगड सापडला. विनोबांना हा भगवंताचा प्रसाद वाटला. पुढे त्याची तेथे स्थापना झाली व त्याची उपासना सुरू झाली.

सर्व धर्मांची उपासना

स्वतःच्या धर्मावर ज्याची श्रद्धा पक्की असते, त्याला दुसऱ्याच्या धर्माची भीती वाटत नाही. विनोबांचे जीवन याचे ठळक उदाहरण आहे. मूळ अरबीतून कुराण वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. दक्षिणेच्या तुरुंगात असताना तेथील भाषा शिकले. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास यांच्या भजनांचे त्यांनी निवडक संग्रह केले. त्याच निष्ठेने त्यांनी कुराणाचे सार, ख्रिस्त धर्माचे सार, भागवत धर्माचे सार काढले, धम्मपदाची नवी मांडणी केली आणि शिखांच्या जपुजीवर विवरण केले. त्यांच्या सांगण्यावरून जैन पंथीयांनी एकत्र येऊन ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध केला. एवढे सारे करूनही सकाळ-संध्याकाळची त्यांची प्रार्थना आणि मुखातील हरिनाम कधी सुटले नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात असताना त्यांनी ‘जय जगत’ हा घोष दिला. गावाचे भले आणि जगाचे भले एकच आहे, हा त्यातला भाव.

भूदान

१८ एप्रिल १९५१ हा दिवस भारताच्या इतिहासात नोंदला गेला आहे. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली या गावी हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनी विनोबांपाशी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न गावासमोर ठेवला, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. निबंधात लिहिलेला तो विहिरीचा ढीग आणि तो खड्डा आता प्रत्यक्ष समोर आला होता.

त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव पायी फिरले. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी असे. शंकराचार्यांनी दानाचा अर्थ नीट वाटणी असा केला आहे, तोच त्यांनी लोकांना समजावला. देणारा मोठा आणि घेणारा लहान असा भाव त्यात नव्हता. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे त्यांच्या हाती आली. हेही सांगितले पाहिजे की, त्यातील बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, कोठे मोजणी झाली नाही, कोठे फेरफार नोंदला गेला नाही, कोठे देणाऱ्याचेच मन फिरले. त्यामुळे सर्व जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचू शकली नाही. दानपत्रावर सही होणे निराळे आणि घेणाऱ्याच्या नावे सातबारा होणे निराळे. तरीही लाखो एकर जमीन कायद्याच्या बडग्यावाचून, केवळ प्रेमाने मागून मिळाली, असे उदाहरण जगात शोधूनही सापडणे कठीण आहे. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यातील डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले, आणि तेथील शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली.

देवळाच्या दारी

विनोबांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली ती देवळांच्याच दारी. १९ सप्टेंबर १९५३ रोजी तेव्हाच्या बिहारमधील देवघर येथे वैद्यनाथाच्या दर्शनाला ते हरिजन बांधवांसह गेले. येण्यास हरकत नाही असा निरोप मिळाल्यावरच ते निघाले होते. तरीही तेथील काही पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. बरोबरच्या मंडळींनी कडे करून पुष्कळसा मार स्वतःच्या अंगावर घेतला. एक तडाखा विनोबांच्या कानावर बसला आणि त्या कानाने त्यांना ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, अज्ञानाने त्यांनी हे केले, असेच त्यांनी कळवले. मार खाल्ला तेव्हाही त्यांना देवाचाच स्पर्श झाल्यासारखे वाटले.

१९५५ मध्ये जगन्नाथपुरीस त्यांच्याबरोबर एक फ्रेंच भगिनी होती. तिला आत सोडण्यास नकार मिळाला, तेव्हा विनोबाही दारातूनच परतले. केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सोबत्यांमुळे असेच झाले. त्यांनी जबरदस्ती केली नाही, वाद घातला नाही. सोबत्याला बाहेर ठेवून दर्शन घेणे त्यांना रुचले नाही, एवढेच. मात्र कर्नाटकात मेलकोटे व गोकर्ण येथे सर्वांसह त्यांना प्रवेश मिळाला, याचा त्यांना फार आनंद झाला.

आणि मग आले पंढरपूर. या पंढरीत विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले होते, आणि ते दार उघडले होते. १९५८ च्या मे महिन्यात सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पंढरपुरास आले. ते परधर्मीयांना घेऊन मंदिरात घुसणार, अशी भीती काहींनी पसरवली होती. संमतीवाचून आपण पाऊल टाकणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा मंदिराच्या मंडळींनी आपण होऊन त्यांना सर्व सोबत्यांसह बोलावले. हिंदूंबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती सोबती घेऊन विनोबा विठ्ठलासमोर उभे राहिले. लहानपणापासून ज्या मूर्तीचे ध्यान केले, तिच्यासमोर त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पंढरीने आपले नाव राखले, असेच म्हटले पाहिजे.

अखेर

१९५८ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये पवनार येथे त्यांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. १९७५ च्या आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली. त्यांनी टीका व स्तुती दोन्ही सारख्याच शांतपणे घेतल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले. १५ नोव्हेंबर रोजी ऐन दिवाळीत त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये भारत सरकारने मरणोत्तर भारतरत्न देऊन त्यांचा गौरव केला.

वर्ध्याजवळ गोपुरी येथे १९८० साली गीताई मंदिर उभे राहिले. त्याला छप्पर नाही, दारे नाहीत, मूर्ती नाही. दगडी शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरले आहेत आणि वर उघडे आकाश आहे. ऊन-पाऊस जसा सर्वांना सारखा, तसे ते मंदिरही सर्वांना सारखे.

प्रत्येक गावाच्या मंदिराला छप्पर लागतेच, दारही लागतेच, कारण देवाच्या पूजेची सोय राखावी लागते. परंतु ते दार कोणासाठी उघडे आहे, आणि दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या मनात वाटेवरच्या माणसाविषयी काय भाव आहे, याचा विचार विनोबांनी आपल्या लेखणीने व पावलांनी शिकवला. या जीर्णोद्धारासाठी ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्यांच्या दानाला विनोबांनी सांगितलेल्या वाटणीचा अर्थ लाभो, आणि नव्या कळसाची सावली गावातील लहानथोर सर्वांवर सारखीच पडो, हीच त्या विठुरायाच्या चरणी प्रार्थना.